सोसायटीत आपापसात सौरवीज विक्रीची चाचणी: आधी मीटर, मग हिशेब, पैसे सर्वात शेवटी

एका घराच्या छतावर दुपारी गरजेपेक्षा जास्त वीज तयार होते. त्याच वेळी चार घरं पलीकडच्या पिठाच्या गिरणीला ती हवी असते. दोघांनी दर ठरवायचा, दर पंधरा मिनिटांचा हिशेब सॉफ्टवेअरने ठेवायचा आणि देणं-घेणं बिलात वळतं करायचं. एवढी साधी कल्पना असूनही चाचण्या फसतात, कारण कामाचा क्रम उलटा लावला जातो. आधी अॅप तयार होतं, मग सभासद गोळा होतात, आणि मीटरच्या आकड्यांकडे लक्ष जातं ते पहिलं बिल जुळेना तेव्हा. तोवर लोकांचा विश्वास गेलेला असतो आणि तो परत मिळवणं अवघड असतं.

खालचा क्रम एका रोहित्रावरच्या (आपल्याकडे ज्याला सरसकट डीपी म्हणतात) २० ते ४० जोडण्यांसाठी आहे. स्वित्झर्लंडमधल्या वालेनश्टाट गावात २०१९ मध्ये वर्षभर चाललेल्या चाचणीतही ३७ घरंच होती. पहिल्या खेपेला याहून मोठा पसारा मांडू नये.

## टप्पा १: कायद्याची चौकट तपासा

विद्युत कायदा २००३ च्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय विजेचं वितरण किंवा व्यापार करता येत नाही. महाराष्ट्रात छतावरची यंत्रणा राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांखाली नेट मीटरिंग (कंपनीला दिलेली युनिटं आपल्या वापरातून वजा होतात) किंवा नेट बिलिंगने (दिलेल्या युनिटांचे ठरलेल्या दराने पैसे मिळतात) जोडलेली असते. त्या करारात तुमची जादा वीज घेणारी एकच, ती म्हणजे वितरण कंपनी. शेजाऱ्याला प्रत्यक्ष पैसे घेऊन विकायची असेल तर आयोगाची मान्यता आणि वितरण कंपनीचा लेखी सहभाग दोन्ही हवेत. उत्तर प्रदेशात लखनौला आधी प्रायोगिक प्रकल्प झाला आणि २०२३ मध्ये तिथल्या आयोगाने अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमच्या अर्जाला असा पूर्वदाखला जोडणं उपयोगी ठरतं.

मान्यता येईपर्यंत थांबून राहायची गरज नाही. टप्पा २ ते ६ पूर्णपणे कागदी व्यवहारावर चालतात. खरे आकडे, खरे दर, पण पैसा हलत नाही. त्यासाठी प्रत्येक ग्राहकाची डेटा वापरण्याला लेखी संमती पुरते.

इशारा: शेजारच्या घरात स्वतंत्र वायर टाकून वीज देऊ नका. मीटरचं सील कोणत्याही कारणाने तोडू नका. या चाचणीत वीज वितरण कंपनीच्या तारांमधूनच जाते, आपण फक्त तिचा हिशेब वेगळा मांडतो. त्यामुळे वीजपुरवठा गेला की सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) बंद पडतो आणि व्यवहारही थांबतो. "लाइट गेली तरी शेजाऱ्याची वीज मिळेल" असा समज सभासदांमध्ये हमखास असतो. पहिल्याच बैठकीत तो दूर करा.

## टप्पा २: सभासद निवडताना दुपारचा वापर बघा

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळे विक्रेतेच गोळा करणं, किंवा खरेदीदार म्हणून अशी घरं घेणं जिथे दुपारी चिटपाखरूही नसतं. ३ किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण १२ युनिट देते आणि त्यातलं बहुतेक सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान. तेव्हा वीज लागणारे लोक हवेत: दवाखाना, झेरॉक्सचं दुकान, गिरणी, घरून काम करणारे, सोसायटीचा पाण्याचा पंप.

अंदाज असा मांडा. सहा विक्रेते, प्रत्येकी ३ किलोवॅट. घरचा वापर वजा जाता भर दुपारी एकत्रित शिल्लक १० किलोवॅटच्या आसपास. वीस घरांचा दुपारचा वापर सरासरी ०.४ किलोवॅट धरला तर मागणी ८ किलोवॅट. त्यात ५ अश्वशक्तीची एक गिरणी आली की आणखी ३.७ किलोवॅट. असं गणित जवळपास जुळलं तरच पुढे जा. सहा विक्रेत्यांना फक्त पाच रिकामी घरं असतील तर चाचणीत शिकण्यासारखं काहीच उरत नाही.

प्रत्येक जोडणीसाठी एका तक्त्यात नोंदवा: ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, एक फेज की तीन फेज, एक फेज असेल तर आर, वाय, बी यांपैकी कोणती, मंजूर भार, सौर क्षमता, नेट मीटरिंग की नेट बिलिंग, आणि सीटी (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करणारं उपकरण) लावलेला मीटर असेल तर गुणक, म्हणजे मीटरच्या आकड्याला ज्याने गुणायचं ती संख्या. गुणक विसरला की गिरणीचा वापर खऱ्याच्या काही पटींनी कमी दिसतो आणि चूक महिनाभर लक्षात येत नाही.

याशिवाय त्याच डीपीवरची पण व्यवहारात नसलेली साधारण दहा सारखी घरं संमतीने निरीक्षणात ठेवा. तुलनेसाठी ती पुढे लागणार आहेत.

## टप्पा ३: मीटरचा डेटा विश्वासार्ह करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. व्यवहाराचं एकक म्हणजे १५ मिनिटांचा ब्लॉक, दिवसाचे ९६. प्रत्येक ब्लॉकसाठी आयात (कंपनीच्या तारांतून घेतलेली वीज) आणि निर्यात (तारांत सोडलेली वीज) असे दोन वेगळे आकडे लागतात.

ब्लॉकची लांबी. स्मार्ट मीटर बसला म्हणजे १५ मिनिटांच्या नोंदी मिळतातच असं नाही. पुष्कळ मीटरांत लोड सर्वे (ठरावीक वेळाने वापराची आपोआप होणारी नोंद) ३० मिनिटांवर लावलेला असतो. वितरण कंपनीकडून तो आधी १५ वर करून घ्या. ३० मिनिटांच्या आकड्याचे दोन समान भाग करून काम भागवू नका, कारण ढग आले-गेले की दोन्ही भागांत मोठा फरक पडतो.

नोंदीची वेळ. ब्लॉकवर छापलेली वेळ सुरुवातीची की शेवटची, हे प्रत्येक डेटास्रोतासाठी लेखी विचारून घ्या. वेळ शेवटची असेल तर ००:०० ची नोंद आदल्या दिवसाची असते. एका गटाच्या मीटरांत सुरुवातीची आणि दुसऱ्यांत शेवटची वेळ असेल तर विक्री आणि खरेदी एक ब्लॉक सरकलेली राहते आणि हिशेब रोज थोडा थोडा चुकतो.

भारतीय वेळ. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तर फरक साडेपाच तासांचा, म्हणजे २२ ब्लॉकचा. ओळखायची खूण सोपी: निरभ्र दिवशी निर्यातीचं शिखर सकाळी साडेसहा-सातला दिसत असेल तर तुमचा डेटा जागतिक वेळेत आहे.

मीटरचं घड्याळ. मीटरच्या पडद्यावरची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. ३ मिनिटांचा फरक म्हणजे ब्लॉकचा पाचवा हिस्सा शेजारच्या ब्लॉकमध्ये गेला. १ मिनिटाहून जास्त फरक असलेला मीटर दुरुस्त होईपर्यंत चाचणीत घेऊ नका.

आयात वजा निर्यात करून ठेवणं. एकाच ब्लॉकमध्ये आयात ०.१२ आणि निर्यात ०.२० असू शकते. मध्येच ढग आला किंवा मिक्सर चालला की असं होतं. डेटा साठवताना ०.०८ निर्यात एवढंच ठेवलं तर मूळ माहिती कायमची गेली. दोन्ही आकडे जसेच्या तसे साठवा, वजाबाकी करायची की नाही ते हिशेबाच्या नियमात ठरवा.

आता प्रत्यक्ष परीक्षा. सूर्य मावळल्यावर एखाद्या घरात फ्रिजसह आपोआप चालू-बंद होणारी उपकरणं तासभर थांबवा. १५०० वॅटची पाणी तापवायची रॉड भरलेल्या बादलीत बुडवा आणि बरोबर ८:०० ते ८:१५ चालू ठेवा. रॉडला थर्मोस्टॅट नसतो, म्हणून गिझरपेक्षा ती बरी. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका. आधीच्या आणि नंतरच्या ब्लॉकपेक्षा या ब्लॉकची आयात ०.३७५ युनिटच्या आसपास वाढायला हवी. व्होल्टेज कमी-जास्त असल्याने ०.३५ ते ०.४१ चालेल. वाढ दोन ब्लॉकमध्ये विभागली गेली तर घड्याळ चुकलं आहे. वाढ भलत्याच घराच्या नावावर दिसली तर मीटरची जोडणी तक्त्यात चुकली आहे, आणि जुन्या इमारतींच्या मीटररूममध्ये हे वारंवार सापडतं.

विक्रेत्याकडे दुसरी परीक्षा घ्या. भर दुपारी एक पूर्ण ब्लॉक इन्व्हर्टरचा एसी बाजूचा (घराकडे जाणाऱ्या विजेच्या बाजूचा) एमसीबी, म्हणजे सुरक्षा स्विच, बंद ठेवा. निर्यात शून्य व्हायला हवी. निर्यात तशीच राहिली तर मीटरची जोडणी तक्त्यात चुकली आहे. घरचा वापर आयातीऐवजी निर्यातीच्या रकान्यात दिसला तर दिशा उलटी नोंदली जाते आहे.

तपासणी: चार आठवडे नुसता डेटा गोळा करा. पुढे जाण्याआधी प्रत्येक मीटरसाठी दोन अटी पूर्ण व्हाव्यात. किमान ९८ टक्के ब्लॉक मिळाले पाहिजेत. आणि सगळ्या ब्लॉकची बेरीज मीटरच्या पडद्यावरच्या महिन्याच्या सुरुवातीच्या व शेवटच्या वाचनातल्या फरकाशी १ टक्क्याच्या आत जुळली पाहिजे. डीपीवर मीटर असेल तर सगळ्या घरांची निव्वळ बेरीज त्याच्याशीही ताडा. तिथे तारांतली गळती आणि चाचणीबाहेरच्या जोडण्या यांचा फरक राहणारच, पण तो दररोज साधारण एकसारखा असावा.

## टप्पा ४: दराची पट्टी आखा

विक्रेता कोणत्या दराच्या खाली विकणार नाही, आणि खरेदीदार कोणत्या दराच्या वर घेणार नाही? या दोन आकड्यांमध्ये जागा असेल तरच सौदा होतो.

इथे नेट मीटरिंगचा मुद्दा बहुतेकांच्या हातून निसटतो. नेट मीटरिंगवरच्या घराची निर्यात झालेली युनिटं पुढच्या वापरातून वजा होतात, म्हणजे त्या घराला एका युनिटची किंमत जवळजवळ पूर्ण किरकोळ दराइतकी मिळते. तो शेजाऱ्याला स्वस्तात का विकेल? त्याच्याकडे विकण्यासारखं म्हणजे वर्षाअखेर वजा न होता उरणारं प्रमाण, ज्याला कमी दर मिळतो. म्हणून पहिल्या चाचणीत विक्रेते शक्यतो नेट बिलिंगवरचे घ्या, किंवा वापराच्या मानाने छत मोठं असलेले.

खरेदीदाराची कमाल मर्यादा काढताना त्याचं सरासरी बिल भागिले युनिट असं करू नका. त्यात स्थिर आकार येतो आणि तो शेजाऱ्याकडून वीज घेतल्याने कमी होत नाही. वाचते ती सर्वात वरच्या टप्प्यातली युनिटं. महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्याची पहिली ५० वाचलेली युनिटं ३०१ ते ५०० च्या टप्प्यातली, त्यापुढची १०१ ते ३०० च्या टप्प्यातली. दोन्हींचा दर वेगळा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क यांपैकी शेजाऱ्याच्या युनिटावर काय लागणार, हे वितरण कंपनीशी आधी लेखी ठरवा.

उदाहरणादाखल (आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले): विक्रेत्याला कंपनीकडून ३ रुपये मिळतात, खरेदीदाराचं वरच्या टप्प्यातलं युनिट ९ रुपयांना पडतं, तारा वापरण्याचा आकार १ रुपया. मग दर ३ ते ८ रुपयांच्या पट्टीत हवा. ५.५० घेतला तर दोघांनाही प्रति युनिट अडीच रुपयांचा फायदा. गळती आणि सेवाशुल्क धरल्यावर पट्टी एक-दीड रुपयाची उरत असेल तर चाचणी करा, पण सभासदांना बचतीचं आश्वासन देऊ नका.

दर लावण्याची पद्धत पहिल्यांदा एकच स्थिर दर ठेवा. लिलाव नंतर. रोज अॅप उघडून बोली लावणारा सभासद पहिल्या पंधरवड्यानंतर दुर्मीळ होतो, म्हणून लिलाव लावलात तरी "इतक्याच्या खाली विकू नकोस, इतक्याच्या वर घेऊ नकोस" अशी मर्यादा एकदाच भरून घ्या.

## टप्पा ५: हिशेबाचे नियम लिहून काढा

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी नियम मराठीत एका पानावर लिहा आणि दोन सभासदांकडून कॅल्क्युलेटरवर करून घ्या. त्यांना जमलं नाही तर बिलावरचा वादही त्यांना सोडवता येणार नाही.

सौदा अंदाजावर होतो, हिशेब प्रत्यक्ष आकड्यांवर. तफावत आली तर काय? सर्वात समजण्यासारखा नियम: सौदा आणि प्रत्यक्ष, यांत जे कमी ते ग्राह्य, उरलेलं वितरण कंपनीच्या दराने.

एक ब्लॉक घेऊ. विक्रेता अ ने ०.५० युनिट विकले: ब ला ०.३० आणि क ला ०.२०. प्रत्यक्षात अ ची निर्यात ०.६०, ब चा वापर ०.२५, क चा वापर ०.४०.

- ब चे ०.२५ आणि क चे ०.२० ग्राह्य, एकूण ०.४५.
- अ ला ०.४५ × ५.५० = २.४७५ रुपये, उरलेल्या ०.१५ चे कंपनीकडून ०.४५ रुपये.
- ब देतो ०.२५ × ६.५० (५.५० दर + तारांचा १ रुपया) = १.६२५ रुपये.
- क देतो ०.२० × ६.५० = १.३० आणि कंपनीच्या ०.२० युनिटचे १.८०, एकूण ३.१० रुपये.
- कंपनीला तारांचे ०.४५ रुपये मिळतात.

ताळा: ब आणि क यांनी सौद्यापोटी दिलेले २.९२५ = अ चे २.४७५ + तारांचे ०.४५. युनिटांचा ताळा वेगळा करा: एकूण वापर ०.६५, निर्यात ०.६०, म्हणजे कंपनीने निव्वळ ०.०५ पुरवले, तिने घेतलेले ०.१५ आणि दिलेले ०.२० यांचा फरकही ०.०५. दोन्ही ताळे प्रत्येक ब्लॉकला आपोआप व्हावेत आणि न जुळलेला ब्लॉक लाल दिसावा.

अ ची निर्यात कमी पडून ०.३६ झाली तर? सौद्याच्या प्रमाणात वाटा: ब ला ०.२१६, क ला ०.१४४. "आधी सौदा केला त्याला आधी" हा नियम टाळा, एकाच घराला कायम झुकतं माप मिळतं.

बाकीचे नियम थोडक्यात. ज्या ब्लॉकचा डेटा आला नाही तिथे सौदा रद्द, अंदाजे आकडा भरून पैसे फिरवू नका. उशिरा आलेला डेटा किती दिवस स्वीकारणार ते ठरवा. सात दिवस पुरतात. पैशांचं पूर्णांकन महिन्याच्या शेवटी एकदाच करा. महिन्यात २,८८० ब्लॉक असतात आणि प्रत्येक ठिकाणी अर्ध्या पैशाची चूक एकाच दिशेने गेली तर १४ रुपये ४० पैसे होतात. रक्कम किरकोळ, पण बेरीज जुळत नाही म्हटल्यावर सभासद बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

इशारा: ग्राह्य झालेली युनिटं खरेदीदाराच्या कंपनीच्या बिलातून आणि विक्रेत्याच्या निर्यातीतून, दोन्हीकडून वजा झालीच पाहिजेत. एकीकडची राहिली तर खरेदीदार एकाच युनिटाचे दोनदा पैसे भरतो, किंवा विक्रेत्याला दोनदा मिळतात.

ब्लॉकचेन (एकदा केलेली नोंद मागाहून बदलता येऊ नये अशी सामायिक नोंदवही) हवी का, हा प्रश्न येतोच. आयोगाच्या सूचनेत ती सांगितलेली असेल तर वापरावी लागेल. पण मीटरमधून चुकीचा आकडा आला तर ती तो चुकीचा आकडाच पक्का करून ठेवते. कागदी टप्प्यासाठी साधा डेटाबेस आणि कोणती नोंद कोणी कधी बदलली याचा माग पुरेसा आहे.

## टप्पा ६: आठ आठवडे कागदी व्यवहार, मुद्दाम बिघाड करून

वेळ अशी निवडा की त्यात निरभ्र आणि ढगाळ दोन्ही दिवस येतील. मे मध्यापासून जुलै मध्यापर्यंतचा काळ चांगला. नुसत्या मार्च-एप्रिलमध्ये घेतलेली चाचणी जूनमध्ये तोंडघशी पडते.

दर महिन्याला प्रत्येकाला दोन बिलं द्या: प्रत्यक्ष आलेलं आणि व्यवहार खरा असता तर आलं असतं ते. त्याच काळात ठरवून पुढचे बिघाड घडवा.

१. एका मीटरचा संपर्क दोन दिवस तोडा, मग सगळा डेटा एकदम येऊ द्या.
२. तोच ब्लॉक दोनदा पाठवा. युनिटं दुप्पट झाली तर सॉफ्टवेअर दुरुस्तीला परत पाठवा.
३. मोठ्या विक्रेत्याचा इन्व्हर्टर सौदा झाल्यानंतर बंद करा.
४. महिन्याच्या मध्ये मीटर बदलल्याचं सोंग करा: नवा क्रमांक, शून्यापासून वाचन. ऋण वापर दिसला तर ही शक्यता हाताळलेलीच नाही.
५. सभासद घर सोडून गेला आणि भाडेकरू बदलला, असा बदल तारखेसह नोंदवून पाहा.

विक्रेत्याची निर्यात भर दुपारी वारंवार शून्य होत असेल तर अंदाजाला दोष देण्याआधी व्होल्टेज बघा. नियमानुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या, म्हणजे २३० च्या हिशेबाने २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टर कंपनीच्या वीजजाळ्यापासून सुटतो. सगळे विक्रेते एकाच फेजवर असले की हे हमखास होतं, आणि टप्पा २ मधला फेजचा रकाना इथे कामी येतो. फेज बदलण्याचं काम वितरण कंपनीच्या लाइनमनचं. सभासदांनी हात लावू नये.

इशारा: १५ मिनिटांच्या आकड्यांवरून घर कधी रिकामं असतं ते कळतं. एका सभासदाला दुसऱ्याचे ब्लॉक दिसता कामा नयेत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचाही आलेख टाकू नये. शेजाऱ्यांना फक्त महिन्याची एकूण युनिटं दिसू द्या, तीही संमतीने.

## टप्पा ७: खरे पैसे, तेही मर्यादेत

मान्यता हातात आणि कागदी बिलांचे सलग दोन महिने बिनचूक जुळलेले, असं झालं तरच. सुरुवातीला प्रत्येक घरासाठी महिन्याला कमाल रक्कम ठरवा, उदाहरणार्थ ३०० रुपये. पैसे शक्यतो वितरण कंपनीच्या बिलातूनच वळते करा. यूपीआयवर घरोघरी वसुली सुरू झाली की थकबाकीची भांडणं सोसायटीच्या सभेत येतात. तक्रारीसाठी एक माणूस, एक फोन नंबर आणि उत्तराची मुदत जाहीर करा.

निष्कर्ष काढताना "इतकी युनिटं विकली गेली" या आकड्यावर भुलू नका. दुपारची जादा वीज व्यवहाराशिवायही जवळच्याच घरांत वापरली जात होती, भौतिकशास्त्राला तुमच्या सौद्याची गरज नाही. चाचणीमुळे नवं काय घडलं ते बघायचं तर सभासदांनी वापर दुपारकडे सरकवला का, हे तपासा: पाण्याचा पंप सकाळी सहाऐवजी साडेबाराला चालतो का, गिरणीचं दळण दुपारी वाढलं का. ११ ते ३ मधल्या वापराचा दिवसाच्या एकूण वापरातला वाटा काढा आणि तो पहिल्या चार आठवड्यांशी, शिवाय व्यवहारात नसलेल्या त्या दहा घरांशी ताडा. दोन्हीकडे सारखीच वाढ दिसली तर ती उन्हाळ्याच्या पंख्यांची आणि एसीची आहे. फक्त सभासदांकडे दिसली तरच ती चाचणीच्या खात्यात लिहा आणि आयोगाकडे पाठवायच्या अहवालात मूळ ब्लॉकनिहाय डेटासह, नावं काढून, जोडा.